एका हाताने मिटणारा चाकू

"हाही नको," काका म्हणाले आणि चौथा चाकू उघडाच काचेवर ठेवून दिला.

हार्डवेअरवाल्याने तो उचलला, मिटवला आणि आधीच्या तिन्हींशेजारी ट्रेमध्ये टाकला. दुकान नुकतेच उघडले होते, दुसरे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून त्याचा सूर अजून नरम होता. नाहीतर घडीच्या स्वस्त चाकूसाठी एवढा खल करणाऱ्या माणसाला त्याने केव्हाच वाटेला लावले असते.

"काका, कापायला सगळे सारखेच. त्यात एवढं बघायचं काय?"

"कापायचं नंतर. आधी उघडायला पाहिजे. आणि उघडला की मिटायला पाहिजे."

"मिटतो की. हा बघा." त्याने दोन्ही हातांनी चाकू उघडून टपकन मिटवून दाखवला.

"दोन हातांनी काय, कोणीही मिटवेल," काका म्हणाले.

तेव्हा कुठे दुकानदाराचे लक्ष काकांच्या डाव्या हाताकडे गेले. तो स्वेटरच्या खिशात होता. म्हणजे काकांनीच तो सकाळी उजव्या हाताने उचलून तिथे ठेवला होता. दुकानदार जरा ओशाळला आणि त्याने ट्रे काकांच्या बाजूला सरकवला.

काकांचा सारा जन्म ताडपत्र्या शिवण्यात गेला होता. ट्रकवर टाकायच्या, बोटींवर घालायच्या, गोदामांच्या तोंडाला लावायच्या. जाड कापड, त्याहून जाड दोर आणि खिशात घडीचा चाकू. त्या चाकूशिवाय कारखान्यात माणूस अर्धा. मग काम सुटले, पाठोपाठ बायको गेली, आणि मागच्या थंडीत अर्धांगवायूचा झटका येऊन डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने निम्माशिम्मा परत आला. हात मात्र गेला तो गेला. "आपला हात जगन्नाथ" असे काका पूर्वीपासून म्हणत. आता ते अगदी मोजून एका हातापुरते खरे झाले होते.

तरीही माणूस हटणारा नव्हता. सदऱ्याची वरची दोनच बटणे उघडून तो डोक्यातून काढायचा, कुकरचे झाकण पोटाने दाबून धरायचे, असल्या युक्त्या त्यांनी एकेक करून शोधून काढल्या होत्या. अडत होते ते चाकूपाशी. दुधाची पिशवी दारात, औषधाची पट्टी पलंगाशी, फळे टेबलावर. कापायचे काम घरभर पसरलेले. स्वयंपाकघरातली सुरी घेऊन हिंडावे तर उजव्या हातात काठी. सुरी खिशात घातली, तर पहिल्याच दिवशी खिसा फाटून मांडी खरचटली. दातात धरावी तर दात स्वतःचे नव्हते. उरला घडीचाच चाकू, आणि त्यांचा जुना चाकू असा कडक की तरण्याबांड माणसाचे दोन्ही हात लागावेत.

त्या जुन्या चाकूनेच सगळा घोटाळा केला होता. एका संध्याकाळी काकांनी त्याचे पाते टेबलाच्या खणात अडकवून, मूठ ओढून तो कसाबसा उघडला आणि पार्सलची सुतळी कापली. मिटायला काही केल्या येईना. कारखान्यात एक कडक रिवाज होता: ज्याने चाकू उघडला त्यानेच तो मिटवायचा. दुसऱ्याच्या चाकूची स्प्रिंग आपल्याला ठाऊक नसते, बोट जाते, एवढा साधा हिशेब. पण रिवाज तो रिवाज. उघडा चाकू टाकून जाणाऱ्या माणसाशी दिवसभर कोणी बोलत नसे. काकांना उघडा चाकू समोर ठेवून जेवण जाईना. शेवटी नाइलाज म्हणून ते चाकू घेऊन खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे निघाले, एवढा एक मिटवून द्या म्हणायला. चालता हात एकच, म्हणून काठी आणि उघडा चाकू एकाच मुठीत. वहिनींनी दार उघडले, समोर थरथरणारा म्हातारा आणि पोटाच्या उंचीला चमकणारे पाते. त्या अशा ओरडल्या की पलीकडच्या इमारतीतली माणसे खिडकीत आली.

वहिनी मनाच्या चांगल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी काकांची क्षमा मागितली, चाकू मिटवून दिला आणि मग काकांच्या मुलीला फोन केला.

मुलीने दुसऱ्या दिवशी सांगून टाकले. रविवारी मी येते, तुमचे कपडे भरते, आणि तुम्ही माझ्याकडे राहायला चला. बसने अर्ध्या दिवसाची वाट. तिच्याकडे धाकटी खोली रिकामीच आहे. काका म्हणाले, मी माझ्या खोलीत बरा आहे. ती म्हणाली, तुम्हाला साधा चाकू मिटवता येत नाही, बाबा. हे वाक्य काकांना लागले. पाय चालत नाही म्हणाली असती, हात गेला म्हणाली असती, तरी चालले असते.

"आणि मिटवून दाखवला तर?" त्यांनी विचारले.

"तर राहा तिथंच. मी पुन्हा विषय काढणार नाही."

म्हणून ही चाकूंची पंगत मांडली होती. पहिला लाकडी मुठीचा, दिसायला देखणा, पण पात्यावर नख घालायची खाच. नखाने ओढायचे तर मूठ धरणार कोण? दुसऱ्याला पितळी कडे, ते फिरवले की पाते घट्ट बसते, आणि फिरवायला पुन्हा दुसरा हात. तिसरा खटक्याचा. बटण दाबताच पाते असे उसळले की दुकानदारही मागे सरला. तो खिशात आपोआप उघडला तर उरलेला पायही जाईल, असे म्हणून काकांनी परत केला. चौथा अंगठ्याने छान उघडला, पण मिटायचे तर मुठीच्या पाठीवरचा दट्ट्या दाबून धरून पाते ढकलायचे. ते करता करता चाकू दोनदा काचेवर पडला.

"आणखी एक आहे," दुकानदार म्हणाला, "पण तो तुम्हाला दाखवायला लाज वाटते."

त्याने खालच्या फळीवरून एक डबा काढला. आतला चाकू विषारी हिरव्या रंगाचा होता. मूठ प्लॅस्टिकची, पाते पत्र्यासारखे पातळ, आणि बिजागरीचा स्क्रू सैल. काउंटरपुढच्या स्टुलावर बसूनच काकांनी पात्यावरच्या बोंडाला अंगठा लावला. पाते भिडस्तासारखे बाहेर आले आणि कट् करून बसले. मुठीच्या आत एक पोलादी पट्टी होती, तीच पात्याला अडवत होती. ती अंगठ्याने बाजूला सारली, पात्याची पाठ मांडीवर टेकली आणि हलकेच दाबली. पाते निमूटपणे आत गेले.

काकांनी पुन्हा उघडला. पुन्हा मिटवला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. कारखान्यात असला सैल चाकू कोणी आणला असता तर त्यांनी तो खिडकीबाहेर फेकला असता. सैल चाकू म्हणजे हलगर्जी माणूस, असे ते नव्या लोकांना सांगत. आणि आज त्यांना सैलच हवा होता.

"वर्षभर टिकायचा नाही हा," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला.

"मी तरी कुठं लेखी दिलंय," काका म्हणाले, आणि दोघेही हसले.

घरी आल्यावर त्यांनी धारेवर चिकटपट्टी लावली आणि शिकाऊ माणसासारखा सराव मांडला. अंगठा मुठीतल्या पोलादी पट्टीवरून वेळेत काढला नाही तर पाते अंगठ्यावरच येते, हे तासाभरात कळले. मग ते पलंगावर बसून उघडायला लागले, खुर्चीत बसून मिटवायला लागले, आणि एका दुपारी भिंतीला टेकून उभ्यानेही जमले. चिकटपट्टी काढली, ओल्या फडक्यावर दगड ठेवून पात्याला धार लावली. सुताराकडून एका फळीला खालून दोन खिळे ठोकून आणले. त्यावर सफरचंद रुतवले की ते हलत नव्हते. औषधाची पट्टी इस्त्रीखाली दाबून कापायची. दुधाची पिशवी पातेल्यात उभी करून तिचा कान उडवायचा. काकांना कितीतरी दिवसांनी भूक लागायला लागली. सकाळी जाग आली की काय करायचे आहे ते आधी आठवायचे, आणि मग हाताचे आठवायचे.

एवढ्या दिवसांत त्यांच्याशी बोलायला तसे कोणी आले नव्हते. वहिनी दारातून चौकशी करायच्या, पण त्या संध्याकाळपासून उंबऱ्याच्या आत येत नसत. मुलीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवलात का, औषध घेतलेत का, पाय सुजला नाही ना. काका सगळ्याला हो किंवा नाही म्हणायचे आणि चाकूबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. एकदम दाखवून तिला गप्प करायचे होते.

रविवारी ती आली. हातात मोठी रिकामी बॅग, घडी करून काखेत मारलेली. मुलगी आता केसांनी निम्मी पांढरी झाली होती. एका दवाखान्याच्या काउंटरवर बसायची. जावई बोटीवर, वर्षाचे बहुतेक महिने समुद्रात. नातू याच वर्षी शिकायला दुसऱ्या गावी गेला होता. तिने बॅग दाराशी ठेवली, बाबांच्या पायाला हात लावून सूज पाहिली आणि म्हणाली, "चला, दाखवा काय दाखवायचंय ते."

काकांनी खिशातून चाकू काढला. हिरवा रंग पाहून ती हसली. मग हसायची थांबली, कारण पाते बाहेर आले होते आणि काकांचे डोळे तिच्याकडे होते, हाताकडे नव्हते. कट्. पाठ मांडीला. पाते आत.

"पुन्हा," ती म्हणाली.

काकांनी पुन्हा दाखवले. मग तिने दुधाची पिशवी आणली. मग औषधाची पट्टी. सफरचंद खिळ्यांवर बसले, चार फोडी झाल्या, सालही निघाली. काकांना परीक्षेत भराभर उत्तरे येणाऱ्या मुलासारखे झाले होते. तिने इकडेतिकडे पाहिले, खाऊच्या पुड्याची सुतळी शोधून आणली आणि गाठ पुढे केली. काकांनी पुडा गुडघ्याखाली दाबला आणि सुतळी उडवली. सुतळीशी त्यांचा जन्माचा परिचय.

"आता सुईत दोरा ओवून मागशील," ते म्हणाले.

"नाही. पुरे झालं." ती खुर्चीत बसली. "जमतंय तुम्हाला."

"हरलीस ना?"

"हरले."

तिने चहा केला. कपबशी त्यांच्या उजव्या हाताला ठेवली आणि आपला कप हातात धरून खिडकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "धाकट्या खोलीला रंग दिला होता मी."

"कशाला?"

"तुम्ही येणार म्हणून."

काका तेव्हा गड जिंकल्याच्या तोऱ्यात होते. त्यांना वाटले, ही अजून एक शेवटची खेळी आहे, आणि ती परतवायला हवी.

"रंग काही वाया जात नाही," ते म्हणाले. "देऊन टाक कोणाला तरी भाड्यानं. दोन पैसे सुटतील."

"हं," ती म्हणाली. "बघते."

दुपारची बस होती. तिने बॅग पुन्हा काखेत मारली. दारात थांबून तिने काकांच्या स्वेटरच्या खिशातला डावा हात बाहेर काढला, दोन्ही हातांनी जरा चोळला आणि परत खिशात ठेवला. काकांना त्याचे काही जाणवले नाही. नुसते दिसले.

ती गेल्यावर काका खाली जाऊन वहिनींना विजयाची वार्ता देऊन आले. वहिनी म्हणाल्या, चला, बरे झाले, मुलीच्या जिवाचा घोर गेला. काका हो म्हणाले. वर आले. टेबलावर सफरचंदाच्या फोडी तशाच होत्या आणि त्यांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या. तिने एकही खाल्ली नव्हती.

त्यांनी फोडी खायला घेतल्या आणि खाता खाता सकाळचा सगळा प्रकार त्यांच्या मनात पुन्हा सुरू झाला. दुधाची पिशवी तिने आणली, ती ठीक. औषधाची पट्टीही ठीक. पण सुतळी? ती तर तिने हुडकून आणली होती. एवढा दाखला मिळाल्यावर काळजी करणारे माणूस सुटल्यासारखे बसते. ही मात्र घरभर फिरत होती, एखादी तरी गोष्ट बाबांना जमू नये म्हणून. शेवटी "जमतंय तुम्हाला" म्हणाली, तेव्हा तिचा आवाज पडलेला होता. काकांनी तो आवाज ऐकला होता, आणि तो हरल्याचा आवाज आहे असे समजून ते खूश झाले होते.

हरल्याचाच होता तो. पण कशात हरली होती ती?

काकांना हळूहळू उमगत गेले. नवरा समुद्रात, मुलगा परगावी, दवाखान्यातून येऊन स्वतःच कुलूप उघडायचे आणि स्वतःपुरता दिवा लावायचा. "बाबा, मला करमत नाही, या ना" असे म्हणायला तिला येत नव्हते, कारण ती काकांची मुलगी होती. म्हणून तिने काकांचा हात पुढे केला. हाताचे निमित्त चांगले होते. काकांनी दुकानदाराचा ट्रे पालथा घालून, सराव करून, धार लावून ते निमित्त तिच्या हातातून काढून घेतले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि स्वतःला तरी इथे असे काय होते? चार भिंती आणि दारातून चौकशी करणाऱ्या वहिनी. काकांना एकदम फार एकटे वाटले. झटका आल्यावर फरशीवर पडून होते तेव्हाही एवढे वाटले नव्हते.

मग त्यांनी ठरवले. कठीण काय आहे त्यात? संध्याकाळी तिचा फोन येईल. तेव्हा सांगायचे की जमत नाही. हातच गेलेल्या माणसाला एवढे खोटे कोणीही माफ करील.

संध्याकाळी फोन नेहमीपेक्षा उशिरा आला. काका फोनजवळच बसून होते.

"पोचले मी," ती म्हणाली. "जेवलात?"

"नाही अजून. अगं, चाकू मिटत नाहीये."

"काय?"

"संध्याकाळी हात थकतो. अंगठा पट्टीवर बसत नाही. कधीपासून उघडाच पडलाय इथं टेबलावर." चाकू त्यांच्या खिशात होता, मिटलेला.

 मग ती हसली. मनापासून हसली; सकाळी अशी हसली नव्हती.

"बाबा, पुरे हं. हरले म्हटलं ना, आता चिडवता कशाला? माझ्या तोंडाकडे बघत मिटवत होतात तुम्ही. पाहिलंय मी."

"सकाळची गोष्ट वेगळी होती."

"काही वेगळी नव्हती. येताना बसमध्ये शेजारच्या बाईलासुद्धा सांगितलं मी, आमचे बाबा एका हातानं सफरचंद सोलतात म्हणून. तिचा विश्वास बसेना."

 जन्मात पहिल्यांदा काकांना एक गोष्ट आपल्याला येत नाही असे कोणाला पटवायचे होते, आणि नेमके तेच पटवणे त्यांना येत नव्हते.

"रंग कोणता दिलास?" त्यांनी विचारले.

"कशाला?"

"त्या खोलीला."

"फिकट पिवळा. रंगाऱ्याला म्हटलं, निळा आणि खाकी सोडून काहीही दे. आमच्या बाबांनी जन्मभर ताडपत्रीचे तेच दोन रंग बघितलेत."

काकांनी डोळे मिटले. आता म्हणायचे. येतो म्हणायचे. दोनच अक्षरे होती.

"आणि बाबा, तुमचंच ऐकलं मी," ती बोलतच होती. "आमच्या गल्लीतल्या शिवणक्लासवाल्या बाई कधीच्या जागा शोधतायत. आत्ता घरी येता येता त्यांना सांगून आले. उद्या मशिनी आणून ठेवतायत."

"उद्याच?"

"रिकामी ठेवून काय करू? घरात आवाज तरी होईल जरा."

"चांगलं केलंस," काका म्हणाले.

"तुम्हीच सुचवलंत. बरं, ठेवू? औषध घ्या."

"घेतो."

काकांनी फोन ठेवला. खोलीत अंधार झाला होता. त्यांनी ती धाकटी खोली डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. नातवाच्या बारशानंतर कधीतरी तिथे ते एक रात्र झोपले होते, पण त्यातले काहीच आठवेना. पलंग तिने खिडकीशी ठेवला असता की भिंतीशी, एवढे तरी विचारायला हवे होते, असे त्यांना वाटले. मग त्यांनी काठी घेतली, उठले आणि दिवा लावला.